एकाचे दोन दिसू लागले तर...

मधुमेह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? बिनसाखरेचा चहा, कारल्याचा रस, मोजून वाढलेला भात, आणि सणावारी पंगतीत श्रीखंडाच्या वाटीकडे बघत 'नको गं मला' म्हणणाऱ्या सासूबाई! पायाची जखम चिघळते हे आपल्याला ठाऊक असतं. डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होतो, हेही आताशा कानांवर आलेलं असतं. पण मधुमेहामुळे डोळा हलवणारा स्नायूच एखाद्या सकाळी अचानक लुळा पडतो, समोरची एक वस्तू दोन दिसू लागते, किंवा पापणी खाली येऊन डोळा मिटूनच जातो, हे किती जणींनी ऐकलंय?

मैत्रिणींनो, मी काही डॉक्टर नाही. दुपारच्या शाळेत अर्धवेळ मराठी आणि इतिहास शिकवते, उरलेला वेळ घर सांभाळते. पण हे दुखणं आमच्या घरात येऊन गेलं आणि दवाखान्याच्या फेऱ्या माझ्याच वाट्याला आल्या. तिथल्या डॉक्टरीणबाई मोठ्या बोलक्या. केसपेपरच्या पाठीवर चित्रं काढून त्यांनी सगळं समजावून दिलं. ते आपल्यापुरतंच ठेवू नये असं वाटलं, म्हणून हा लेख. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज दिला आहे. म्हणजे नात्यागोत्यात एकही मधुमेही नाही असं घर शोधावंच लागेल!

डोळ्यांची बैलजोडी

आपले दोन डोळे म्हणजे एका जुवाला जुंपलेली बैलजोडी. दोघांनी एकाच वेळी एकाच दिशेला वळायला हवं. दोघांना दिसलेली दोन चित्रं मेंदू जुळवतो, तेव्हा आपल्याला एक वस्तू दिसते. एक बैल मागे रेंगाळला की तास वाकडं जातं. तसंच एक डोळा वळलाच नाही तर चित्रं जुळत नाहीत, आणि एकाचे दोन दिसू लागतात.

डोळा फिरवायला प्रत्येक बाजूला सहा छोटे स्नायू असतात, चार सरळ आणि दोन तिरपे. त्यांना हुकूम पोचवणाऱ्या तीन नसा मेंदूकडून येतात. मेंदूपासून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या आहेत, त्यांतली ही तिसरी, चौथी आणि सहावी. सहावी नस एकच काम करते, डोळा बाहेरच्या बाजूला, म्हणजे कानाकडे वळवते. चौथी नस एका तिरप्या स्नायूची मालकीण. जिना उतरताना, वाचताना आपण खाली बघतो, तेव्हा तिचं काम पडतं. तिसरी मात्र कुटुंबातल्या कर्त्या बाईसारखी! उरलेले चार स्नायू तिच्याकडे, पापणी वर उचलणं तिच्याकडे, आणि उजेडात डोळ्याची बाहुली लहान करणंही तिच्याकडेच.

या नसांनाही रक्त लागतंच. ते पोचवणाऱ्या वाहिन्या केसाहूनही बारीक असतात. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की त्या आतून जाड आणि अरुंद होतात. जोडीला रक्तदाब, कोलेस्टेरॉल, विडी-सिगारेट असली की विचारायलाच नको. मग एखादे दिवशी नसेच्या मधल्या भागाला रक्त कमी पडतं आणि हुकूम स्नायूपर्यंत जातच नाही. म्हणजे दिवा शाबूत आहे, पण वायर बिघडली! म्हणूनच 'डोळ्यांचे व्यायाम करा, स्नायू बळकट होईल' या सल्ल्याचा इथे उपयोग होत नाही. दोष स्नायूचा नसून नसेचा असतो.

आमच्या जाऊबाईंची गोष्ट

माझ्या थोरल्या जाऊबाई साताऱ्याला असतात. वय बावन्न, मधुमेह अकरा वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी लेकीचा साखरपुडा नऊ दिवसांवर आलेला असताना त्या सकाळी पूजेला बसल्या, तर समईच्या ज्योती दुप्पट दिसायला लागल्या. धुरानं दिसत असेल म्हणून त्यांनी डोळे पुसले. तरी तेच. बाहेर अंगणात आल्या, तर फाटकापाशी दोन दूधवाले उभे! पदरानं एक डोळा झाकला, तेव्हा एकच दूधवाला उरला.

आता घरात कार्य, पाहुण्यांची यादी, आहेराच्या साड्या, आचाऱ्याला ठरवायचं, अशा धबडग्यात 'मला दोन दिसतंय' असं सांगायचं कुणाला? त्यांनी ठरवलं, कार्य पार पडू दे, मग बघू. नऊ दिवस त्या बाईनं कुणाला कळू दिलं नाही. दुकानात एक डोळा मिटून साड्यांचे रंग बघितले, सुईत दोरा लेकीकडून ओवून घेतला. कपाच्या बाहेर चहा ओतला गेला की 'लक्ष नाही गं माझं' म्हणायच्या. आणि त्याच गडबडीत मधुमेहाची गोळी कधी घेतली, कधी राहिली.

त्यांचा उजवा डोळा बाहेरच्या बाजूला वळत नव्हता. अशा वेळी माणूस नकळत चेहराच त्या बाजूला वळवून घेतो, म्हणजे चित्र एक दिसतं. त्यामुळे समोरच्याला वाटतं की ही बाई तोंड फिरवून बोलतेय. साखरपुड्यात विहीणबाई ओटी भरायला पुढे आल्या, तर आमच्या जाऊबाई मान वळवून त्यांच्याकडे तिरप्या नजरेनं बघताहेत! विहीणबाई गप्प झाल्या. परतताना त्यांच्याकडच्या कुणीतरी 'मुलीच्या आईला ताठा दिसतोय' असं म्हटल्याचं आमच्या कानांवर आलं. जुळलेलं लग्न अशा गैरसमजानं फिसकटलं असतं तर?

दुसऱ्या दिवशी जिना उतरताना त्यांचा पाय चुकला, तेव्हा मुलाच्या लक्षात आलं. आधी चष्म्याच्या दुकानात नेलं. तिथे नंबर बदललाय म्हणून नवा चष्मा गळ्यात पडला, पण दोन दिसणं तसंच. मग डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी आधी एक डोळा झाकला, मग दुसरा, बोट फिरवून डोळे कुठवर वळतात ते पाहिलं, बाहुल्यांवर बॅटरी मारली, रक्तदाब घेतला. उपाशीपोटीची साखर निघाली २१४ आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ९.८. खात्री करायला मेंदूचा एमआरआय काढला, तो स्वच्छ आला. निदान झालं, मधुमेहामुळे सहावी नस दुर्बळ झालेली.

'औषध काय?' म्हणून विचारलं तर बाई म्हणाल्या, 'साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवणं हेच औषध. बाकी धीर.' त्याप्रमाणे फिजिशियनांनी गोळ्या बदलल्या, जाऊबाईंनी जेवणखाण सांभाळलं. दहा आठवडे झाले आणि एका सकाळी फाटकाशी एकच दूधवाला दिसला! विहीणबाईंकडे मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. त्यांचे स्वतःचे यजमान मधुमेही, त्यामुळे त्यांना पटायला वेळ लागला नाही. उलट त्यांनीच मला दहा प्रश्न विचारले.

ओळखायचं कसं?

एक सोपी परीक्षा घरी करता येते. दोन दिसू लागलं की एक डोळा तळहातानं झाका, मग तो उघडून दुसरा झाका. कुठलाही एक डोळा झाकल्यावर चित्र एकच होत असेल, तर दोन डोळ्यांचा मेळ बिघडलाय, म्हणजे स्नायूंचा किंवा नसांचा प्रश्न असू शकतो. एक डोळा झाकूनही उरलेल्या डोळ्याला दोन-दोन किंवा सावली पडल्यासारखं दिसत असेल, तर बहुतेक वेळा कारण चष्म्याच्या नंबरात किंवा मोतीबिंदूत असतं. ही परीक्षा फक्त डॉक्टरांना नीट सांगता यावं म्हणून. घरी बसून निदान करण्यासाठी नव्हे, बरं का!

सहावी नस दुबळी झाली तर दोन चित्रं शेजारी-शेजारी दिसतात, लांबचं बघताना जास्त. चौथी असेल तर एकाखाली एक दिसतात. पायऱ्या उतरताना, पोथी वाचताना त्रास होतो आणि मान एका खांद्याकडे कलते. तिसरी असेल तर पापणी गळते, डोळा खाली आणि बाहेर ओढला जातो. पापणीनं डोळा पूर्ण झाकला तर दोन दिसतच नाही, त्यामुळे 'दृष्ट लागली' किंवा 'वारं गेलं' म्हणून वेळ काढला जातो. भुवईच्या वर, डोळ्यामागे दुखणंही पुष्कळदा असतं.

पापणी सकाळी ठीक आणि संध्याकाळी दमल्यावर गळते, असं रोज होत असेल तर तो वेगळा आजार असू शकतो. त्यात मज्जातंतूचा हुकूम स्नायूनं झेलायचा ती जोडणीच कच्ची होते. थायरॉइडच्या विकारातही डोळे पुढे येऊन दोन दिसू शकतं. म्हणून मधुमेह आहे म्हणजे कारण तेच, असं घरी ठरवून टाकू नये.

इथे एक दिवसही थांबू नका

आता सगळ्यांत महत्त्वाचं. मधुमेहामुळे झालेली नसेची दुर्बलता बहुतेकांत सुमारे तीन महिन्यांत, कधी सहा महिन्यांपर्यंत भरून येते. पण अगदी तशीच दिसणारी काही दुखणी जिवावरची असतात.

मेंदूच्या रक्तवाहिनीला कधीकधी फुगा येतो आणि तो तिसऱ्या नसेवर दाबतो. तो फुटला तर माणूस दगावू शकतं. डॉक्टर बॅटरी मारून बाहुली का बघतात, त्याचं कारण इथे आहे. बाहुली लहान करणारे धागे नसेच्या बाहेरच्या अंगानं जातात, दोरखंडाच्या वरच्या पदरासारखे. मधुमेहात रक्त कमी पडतं ते बहुधा मधल्या भागाला, म्हणून बाहुली सहसा नीट राहते. बाहेरून दाब आला तर पहिला मार या वरच्या धाग्यांवर बसतो आणि बाहुली मोठी होऊन उजेडातही तशीच राहते. पण या नियमाला अपवाद आहेत, म्हणून निवाडा डॉक्टरांवरच सोपवावा. पापणी गळाली, बाहुली मोठी दिसतेय आणि डोकं फुटेल असं दुखतंय, तर रात्र असली तरी मोठं हॉस्पिटल गाठावं.

दुसरं म्हणजे काळी बुरशी. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात हिनं किती घरं हादरवली, ते आपण विसरलेलो नाही. ज्यांची साखर भरमसाट वाढली होती त्यांना, विशेषतः कोरोनात स्टेरॉइड घ्यावी लागलेल्यांना, ती जास्त झाली. कोरोना ओसरला तरी बेताल मधुमेहात हा धोका आजही असतो. नाक चोंदणं, नाकातून काळपट किंवा रक्ताळ स्राव, गालावर सूज, गाल बधिर होणं, वरचे दात दुखणं वा हलणं, आणि त्याबरोबर पापणी गळणं किंवा दोन दिसणं, असं झालं तर त्याच दिवशी उपचार सुरू व्हायला हवेत.

तिसरं, दोन दिसण्याबरोबर तोंड वाकडं होणं, बोलणं जड होणं, हातपाय लुळा पडणं, तोल जाणं ही पक्षाघाताची लक्षणं. आणि पन्नाशीपुढच्या माणसाला नव्यानं डोकं दुखू लागलं, वेणीफणी करताना टाळू हुळहुळते, चावताना जबडा दुखतो, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावं. त्या आजारात वेळ गेला तर दृष्टी जाऊ शकते.

बरं होईपर्यंत घरात काय करावं?

दोन दिसण्यानं डोकं भणभणतं, मळमळतं. त्यावर साधा उपाय म्हणजे एक डोळा झाकणं. त्यासाठी पट्टी मिळते. चष्मा असेल तर एका काचेवर अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावली तरी भागतं. मोठ्या माणसानं कुठलाही डोळा झाकला तरी त्यानं तो अधू होत नाही. डॉक्टर काही वेळा चष्म्यावर प्रिझम बसवून देतात. महिने उलटूनही डोळा सरळ झाला नाही, तर शस्त्रक्रियेचाही मार्ग असतो.

पण एका डोळ्यानं अंतराचा अंदाज चुकतो, हे लक्षात असू द्या. तेवढे दिवस विळी आणि उकळत्या तेलाची कढई दुसऱ्या कुणाकडे सोपवावी. चहा ओतताना गाळणं कपावर ठेवून किटलीचं तोंड त्याला टेकवावं. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पांढरा पट्टा ओढावा आणि कठडा धरूनच उतरावं. स्कूटर, गाडी अजिबात चालवू नये. यजमानांना हा त्रास झाला तर किल्ल्या आपल्याकडे घ्याव्यात, ते कितीही रागावले तरी!

इन्शुलिन घेणाऱ्यांनी सिरिंज दुसऱ्याकडून भरून किंवा तपासून घ्यावी. आपल्याकडे इन्शुलिन ४० युनिटच्या आणि १०० युनिटच्या ताकदीत मिळतं. बाटलीवर जो आकडा असेल त्याच मापाची सिरिंज हवी. सिरिंज चुकली तर डोस पार बदलतो.

डोळ्यांत मध, गुलाबपाणी, कसला अर्क असलं काही घालू नये. बिघाड डोळ्यामागच्या नसेत आहे, थेंब तिथे पोचतही नाहीत.

साखर कमी झाली तरी

आणखी एक गोष्ट. साखर एकदम उतरली तरी अंधुक किंवा दोन दिसू शकतं. तेव्हा सोबत घाम सुटतो, हातपाय थरथरतात, पोटात आग पडते. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यात घालून ताबडतोब द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता हॉस्पिटलात न्यावं.

इथे आपल्या उपासांचा विचार करावाच लागतो. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, निर्जळी हरतालिका! सकाळी गोळी घ्यायची आणि दिवसभर पोट रिकामं ठेवायचं म्हणजे साखर उतरण्याला आमंत्रण. आणि संध्याकाळी साबुदाण्याच्या खिचडीचं भरलेलं ताट पुढे ओढलं की तीच साखर भसकन वर. मधुमेही बाईनं उपास करायचाच असेल तर डॉक्टरांना आधी विचारून, गोळीची वेळ बदलून करावा. देवाची सेवा इतर कितीतरी प्रकारांनी होते.

घरच्या भिंतीवर लावायची यादी

१. मधुमेहाचं निदान झालं की लगेच, आणि पुढे दर वर्षी, बाहुली मोठी करणारे थेंब घालून डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. दिसायला छान दिसत असलं तरी! मधुमेही बाईला दिवस राहिले तर पहिल्या तीन महिन्यांतच ही तपासणी करावी.

२. एचबीए१सी डॉक्टर सांगतील तशी, साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी. बहुतेकांसाठी ती ७ च्या खाली असावी. म्हाताऱ्या माणसांसाठी डॉक्टर थोडी सैल मर्यादा ठरवतात.

३. साखरेइतकंच रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलकडे लक्ष. तंबाखू बंद. आणि मिश्री ही तंबाखूच!

४. साखर वर-खाली होत असताना नवा चष्मा करू नये. वाढलेल्या साखरेनं डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर तात्पुरता बदलतो. साखर स्थिरावल्यावरच नंबर काढावा.

५. दोन दिसणं, पापणी गळणं, डोळा न वळणं यांपैकी काहीही झालं तर आधी डॉक्टर, मग चष्म्याचं दुकान. एकदा बरं झालं तरी हा त्रास त्याच किंवा दुसऱ्या डोळ्याला पुन्हा होऊ शकतो, म्हणून पथ्य सुटता कामा नये.

६. वयाची तिशी उलटली की मधुमेह नसला तरी रक्तदाब आणि साखर तपासावी. सरकारी आरोग्य केंद्रांत ही सोय आहे.

मैत्रिणींनो, घरात मधुमेह असला की पथ्याचं ताट आपणच वाढतो, गोळ्यांची आठवण आपणच करून देतो. पण तोच मधुमेह आपल्याला झाला की आपली गोळी स्वयंपाकघरातल्या फळीवर पडून राहते. आज मुलाची परीक्षा, उद्या नणंदेचं डोहाळजेवण, परवा घरात पाहुणे. तपासणी पुढे ढकलायला कारणांची कधीच वाण नसते. तेव्हा हे पान मिटण्याआधी कॅलेंडर काढा. दूधवाल्याचे खाडे जिथे मांडता, तिथेच स्वतःच्या डोळ्यांच्या तपासणीची तारीख लिहा, आणि ती घरातल्या सगळ्यांना मोठ्यांदा वाचून दाखवा. वाचणाऱ्यांपैकी चार जणी जरी या महिन्यात डोळे तपासून आल्या, तरी माझ्या लिहिण्याचं चीज झालं असं मी समजेन.